हे बरोबर आहे

आमच्या वरच्या मजल्यावरचे कारखानीसकाका एका मासिकाचे संपादक आहेत आणि त्यांना नामं सापडत नाहीत. माणसांची नावं नव्हे, व्याकरणातली नामं. पेन, मिक्सर, कात्री, फोटो, सगळ्याला त्यांच्याकडे एकच शब्द, 'हे'. "शुभदे, त्या ह्याच्याखालचं हे जरा ह्याच्यात घे, म्हणजे ते हे होणार नाही," असं ते पहिल्या दिवशी त्यांच्या घरी मला म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटरचा माउस धरून नुसती बघत बसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "शीर्षकाखालचा फोटो चौकटीत घ्या. म्हणजे मजकूर तुटणार नाही." काका म्हणाले, "तेच म्हटलं ना मी?"

तो आवाज लिमयेकाकांचा. लिमये म्हणजे काकांचे आतेभाऊ, निदान बिल्डिंगला तरी तसं माहीत होतं. दोघे एकत्र राहतात ते आम्ही इथे यायच्या आधीपासून. लिमये ट्रॉम्बेला अणुकेंद्रात नोकरीला होते. तिथे काय करायचे ते विचारायचं नसतं, आणि न सांगायची ती सवय त्यांच्या अशी अंगात मुरलेली की आज भाजी कसली केलीत म्हटलं तरी आधी दाराकडे बघतात आणि मग हळूच म्हणतात, "दोडका." काकांना ते कधी नावाने हाक मारत नसत. नुसता घसा खाकरायचे. त्यावर काका घरात कुठेही असले तरी "आलो" म्हणायचे. काका मात्र त्यांना "अहो" म्हणत. आतेभावाला अहो? मला जरा चमत्कारिक वाटायचं, पण म्हटलं असेल वयाने मोठा, आपल्याला काय करायचंय.

मी घरबसल्या डीटीपी करते. बहुतेक काम लग्नपत्रिकांचं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' मी डोळे मिटून टाइप करू शकते. आधीचा ऑपरेटर गावाला निघून गेला म्हणून काका पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, मासिक आहे, दर तीन महिन्यांनी निघतं. मासिक तीन महिन्यांनी निघतं, इथेच मी सावध व्हायला हवं होतं. नाव काय, तर 'जोडगोळी'. मला वाटलं, जुळ्यांचं मासिक.

हसू नका. तुम्हीच सांगा, जोडगोळी म्हटल्यावर दुसरं काय वाटेल? आत एक लेख होता, 'दोघींनी मिळून घर घेताना'. म्हटलं, बरोबर आहे, बहिणी-बहिणी आहेत, घेतील. दुसरा लेख, 'दोघांसाठी एकसारखे कुडते शिवताना'. हे तर सरळच झालं. तिसरा मात्र होता, 'आईवडिलांना कधी आणि कसं सांगावं?' इथे माझी गाडी अडली. जुळी झाली हे आईला सांगावं लागतं? तिला माहीत नसतं? मी रात्रभर विचार केला आणि शेवटी ठरवलं की हा विनोदी लेख असावा. त्यावर हसरा चेहरा टाकून दिला.

त्या हसऱ्या चेहऱ्याचं पान घेऊन वंदना परब माझ्या दारात आली. वंदना विक्रोळीची, मूळची मालवणची, 'जोडगोळी'चं पाकक्रियेचं सदर लिहिते आणि अंक वाटायचं कामही तीच करते. ह्या लेखावर हसण्यासारखं काय आहे, असं तिने विचारलं. मी माझी जुळ्यांची थिअरी सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो बाय माझे, जुळी खंयची गो? आमी जोडपी!" आणि मोबाइलमधला तिचा आणि शैलाचा फोटो दाखवला, दोघी गणपतीपुढे, दोघींच्या नाकात नथ.

पुरुषापुरुषांची आणि बायकाबायकांची जोडपी असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. मुलुंडला राहते मी, चंद्रावर नाही. पण अशा मंडळींचं मासिक म्हणजे काहीतरी भलतंच असेल असं वाटायचं, आणि इथे तर तिसऱ्या पानावर कोथिंबीर वड्या! मी विचारलंसुद्धा वंदनाला, की हे एवढंच? ती म्हणाली, मग काय आम्ही वड्या खात नाही? मी काम चालू ठेवलं.

काकांची कामाची पद्धत ठरलेली. पूर्वी ते चेंबूरला एका प्रेसमध्ये प्रुफं तपासायचे, त्यामुळे शाईचं लाल पेन अजून खिशाला. प्रत्येक पान वाचायचे, खुणा करायचे, पुन्हा वाचायचे आणि शेवटी पान माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "हे बरोबर आहे." त्यांनी हे वाक्य उच्चारलं की त्या पानाला हात लावायचा नाही, हा नियम. मी तो एकदाच मोडला. 'नवी घरं' म्हणून सदर होतं, त्यात एकत्र राहायला लागलेल्यांचं अभिनंदन असायचं. 'चि. सुहास आणि चि. रजत, मरोळ' असं पान मंजूर होऊन आलं होतं. अंक प्रेसला पाठवता पाठवता माझी नजर गेली. दोन्हीकडे चि.? लग्नपत्रिका करणारीचा हात तो, आपोआपच चालला. 'चि. सुहास आणि चि.सौ.कां. रजत' असं छापून आलं. काकांनी तो अंक बघितला आणि डोक्याला हात लावून खुर्चीत बसले. मला वाटलं गेलं काम. पण रजतचा फोन आला की पान झकास झालंय. त्याने ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय म्हणे, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

तर मासिक मला कळलं. पण वरचं घर कळलं नव्हतं. काका फोनवर सारखे म्हणायचे, "आमच्या ह्यांना विचारतो", "आमच्या ह्यांना चालणार नाही". आता ज्या माणसाच्या जगात कात्रीपासून मिक्सरपर्यंत सगळंच 'हे', त्याच्या 'आमचे हे'चा काय अर्थ लावायचा? एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "आज पानं नको गं, आमचे हे फार तापलेत." मी म्हटलं, काका, बंद करून ठेवा थोडा वेळ, पंखा लावा, मागचं झाकण उघडा. मग काका म्हणाले, "पंखा लावून कसं चालेल, थंडी वाजतेय त्यांना." मला वाटलं, म्हातारा माणूस, प्रिंटरलाही अहोजाहो करतो. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी वर गेले. पलंगावर लिमये झोपलेले, कपाळावर ओली पट्टी, आणि उशाशी काका बसलेले, त्यांचा हात हातात घेऊन.

तुम्ही हुशार, तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. माझी ट्यूब तेव्हा पेटली. स्क्रू ड्रायव्हर पाठीमागे लपवला आणि तांदळाची पेज करून देऊ का, एवढंच विचारलं.

'जोडगोळी'चं शेवटचं पान उखाण्यांचं. वाचक आपापल्या माणसांची नावं कळवायचे आणि काका त्यांना उखाणे रचून द्यायचे. कुठल्याही नावाला, चुटकीसरशी. वंदनाचा तर तिच्या ग्रुपमध्ये पाठ आहे:

खाडीतल्या कुर्लीला आठ-आठ पाय,
शैलाचं नाव घेते, कुणाचं जातं काय?

यमकाच्या बाबतीत काका भारी कडक. कुणी स्वतःच उखाणा रचून पाठवला आणि यमक जुळवायला शब्दाचा पाय मोडला की लाल पेनाने गोल करून बाजूला लिहायचे, 'मराठीला प्लास्टर घाला'. पण त्या पानावर दर अंकात एक चौकट ते रिकामी ठेवायला लावायचे. "इथे हे येणार आहे, जागा सोड." आणि शेवटच्या दिवशी म्हणायचे, "नाही येत हे. काहीतरी टाक." मग मी लग्नपत्रिकेतला कलश नाहीतर सनई-चौघडा टाकायची. वाचकांना वाटायचं, डिझाइन आहे. मला वाटायचं, काका विसरतात.

विसरत नव्हते. ते मला कळलं नव्या पाटीमुळे. आमची बिल्डिंग पाडून टॉवर झाला, आम्ही सगळे भाड्याच्या जागांतून परत आलो, आणि खाली लॉबीत सगळ्यांच्या नावांची चकचकीत पाटी लागायची होती. सेक्रेटरी घरोघर विचारत फिरले. काकांनी सांगितलं, कारखानीस आणि लिमये, दोन्ही लिहा. पाटी लागली तेव्हा त्यावर नुसतं कारखानीस. लिमये मागाहून खाली जाऊन सेक्रेटरींना सांगून आले होते, माझं नको, मी आपला त्यांच्याकडे राहतो.

काका पाटीसमोर बराच वेळ उभे होते. भांडले नाहीत. वर गेले आणि बोलायचे बंद झाले. दिवाळी अंक तोंडावर आलेला, पानं अर्धवट. मी वर गेले तर दोघे दोन खोल्यांत. लिमये घसा खाकरतायत आणि "आलो" येत नाही. काका म्हणाले, अंक काढायचा नाही. मी कारण विचारलं तर ह्या माणसाला एकाएकी सगळे शब्द सापडायला लागले.

"शुभदे, लोकांची नावं मी जन्मभर जुळवून दिली. माझं नाव ह्या माणसाने एकदासुद्धा उच्चारलेलं नाही. घरात नाही, दारात नाही. मला हार-तुरे नकोत गं. एकदा, चारचौघांत, ह्यांनी माझं नाव घ्यावं. ती चौकट त्यासाठीच ठेवतो मी."

मी म्हटलं, काका, जुनी माणसं नाव घेत नाहीत, माझे वडीलही आईला 'अगं' म्हणायचे. ते म्हणाले, तुझ्या आईचं नाव पाटीवर होतं ना? मग मी खाली आले. संध्याकाळी वंदनाला फोन केला, तर तीही म्हणाली, ह्या बाबतीत आपण काही करू शकत नाही, ते एकट्या लिमयांच्याच हातात.

दोन दिवसांनी बेल वाजली. दारात लिमये. माझ्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. बसले, पाणी प्यायले, दाराकडे बघितलं. मी उठून दार लावून घेतलं, तर म्हणाले, "नको. उघडंच राहू द्या." मग विचारलं, ती चौकट अजून रिकामी आहे का. आहे म्हटलं. ते म्हणाले, मला यमक येत नाही, पण मी सांगतो तसं टाइप करा. आणि डोळे मिटून, शाळेतल्या मुलाने कविता म्हणावी तसे म्हणाले:

ट्रॉम्बेच्या बसमध्ये रुमालाने धरली जागा,
दिगंबररावांचं नाव घेतो, आता सोडा रागा.

रुमालाचं काय ते मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की तरुणपणी दोघे एकाच बसने कामावर जायचे. कारखानीस घाटकोपरला आधीच चढून खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकून ठेवायचे, यांच्यासाठी. ओळखही नव्हती तेव्हा. "नोकरीत होतो तोवर भीती होती," लिमये म्हणाले. "नोकरी संपली. भीती काही रिटायर झाली नाही." माझे डोळे भरून आले, मी उगाच कीबोर्ड पुसत बसले. मग विचारलं, खाली काय घालू, एक वाचक? त्यांनी उघड्या दाराकडे बघितलं. जिन्यात कुणीतरी होतं, कुकरची शिट्टी होत होती.

"श्रीधर लिमये," ते म्हणाले, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. "मुलुंड पूर्व."

मी पान काढलं आणि त्यांच्याबरोबरच वर गेले. काका खिडकीत बसले होते. म्हटलं, अंक काढायचा नसेल तर नका काढू, एवढं पान तपासून द्या. त्यांनी सवयीने लाल पेन काढलं. वरपासून वाचत आले, एक वेलांटी दुरुस्त केली, एक अनुस्वार दिला. चौकटीशी आले आणि थांबले. पेनाचं टोक 'रागा'वर गेलं. मला वाटलं, आता गोल होणार, आता प्लास्टर. टोक तिथेच राहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा पुसला. लिमये स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. घसा खाकरायला गेले आणि खाकरलेच नाहीत.

"चहा ठेवतोय, दिगंबर," ते म्हणाले.

काकांनी पेनाला टोपण लावलं. पान माझ्याकडे सरकवलं, पण बघत होते ते दाराकडे.

"हे बरोबर आहेत," ते म्हणाले.

'आहे' म्हणा काका, पान एकवचनी, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. पण त्यांनी हे वाक्य उच्चारलं की हात लावायचा नाही, हा नियम. मी पान उचललं आणि खाली आले.