एकसष्ट इंच, सत्तेचाळीस सह्या

शनिवार, १३ मार्च १९९९. दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी अर्विड थॉर्सगार्ड (वय ८३) मिनेसोटातल्या हॉल्वर्डाल गावच्या ल्यूथरन चर्चच्या तळघरातल्या सभागृहात आले, एकसष्ट इंची टीव्हीसमोर दुसऱ्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लावा."

टीव्ही लावलेलाच होता. पडद्यावर टीव्ही वापरण्याचे नियम दिसत होते.

चार वाजता राज्यातल्या शाळकरी मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. चौतीस नंबरची सिग्नी ही अर्विड यांची नात. जूननंतर ती शिकायला परराज्यात जाणार असल्याने शाळेसाठी हा तिचा शेवटचाच सामना. अर्विड यांच्या दोन्ही डोळ्यांना मधोमध धुकं आहे. दोन वर्षांत नातीचे सगळे सामने त्यांनी मैदानावर जाऊन ऐकले होते. घरच्या तेरा इंची टीव्हीवर त्यांना फक्त उजेड दिसतो. पण जानेवारीत याच खुर्चीवरून त्यांना हवामान सांगणाऱ्या माणसाच्या टायवरचे पट्टे दिसले होते. ते त्यांनी मोजलेही होते.

टीव्ही गावच्या दंतवैद्याने दिला. तो ॲरिझोनाला गेला आणि त्याच्या नव्या घराच्या दारातून टीव्ही आत जाईना. वजन एकशे वीस किलो, खाली चाकं, मागे वायरी जोडायला अठरा भोकं, पुढे एका झडपेमागे आणखी चार, आणि रिमोटवर चोपन्न बटणं. एवढी वस्तू फुकट आल्यावर कोणीतरी नको म्हणायला हवं होतं. पण हॉल्वर्डालमध्ये कोणी कोणाला नाही म्हणत नाही. नाही म्हणायचं असेल तर "हे वेगळंच आहे" म्हणतात, आणि फारच संताप आला तर समिती नेमतात.

समिती नेमण्यात आली. अध्यक्ष व्हर्ना आइडे, शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल. तांत्रिक सदस्य लायल फोसम, टेलिफोन कंपनीचे निवृत्त लाइनमन.

या टीव्हीच्या पोटात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे असतात आणि तिघांची चित्रं पडद्यावर तंतोतंत एकमेकांवर पडावी लागतात. लायल यांनी ते दहा मिनिटांत जुळवलं असतं, पण एकट्याने जुळवणं आगाऊपणाचं दिसलं असतं. म्हणून हात वर करून मतदान झालं. या पडद्याचं चित्र बाजूने वेगळं आणि समोरून वेगळं दिसतं, त्यामुळे ज्याने त्याने आपापल्या खुर्चीप्रमाणे मत दिलं. लाल रंग डावीकडे सरकवावा या बाजूने एकवीस, विरोधात एकोणीस. एकोणिसांचं मन मोडू नये म्हणून लाल रंग अर्ध्या वाटेत थांबवण्यात आला. निळ्याचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. तेव्हापासून पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला तीन कडा आहेत. छान दिसतं, असं सर्वांनी एकमताने सांगितलं.

मग नियम झाले. सात. त्यातला सातवा असा: "ज्यांनी हे नियम वाचले त्यांना ते मान्य आहेत असे समजण्यात येईल. नियमाला अपवाद करण्यासाठी नियम वाचलेल्या प्रत्येक व्यक्तीची सही आवश्यक आहे." कोणाला डावललं असं वाटू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

भिंतीवरचा कागद वयस्कर मंडळींना वाचता येईना. लायल यांनी व्हिडिओ कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून कागदासमोर उभा केला, त्याची वायर झडपेमागच्या भोकांत खुपसली आणि नियम पडद्यावर आणले. त्याच संध्याकाळी समितीने रिमोटवरच्या एक्कावन्न बटणांवर मलमपट्टीची पांढरी टेप चिकटवली. चालू-बंद आणि आवाज कमी-जास्त एवढी तीनच उघडी राहिली. चॅनेलकडे परत नेणारं बटण टेपखाली गेलं. टेप काढणं हा नियमाला अपवाद होता. सहा आठवडे टीव्हीवर नियमच चालले.

"मी एक तारखेला अर्ज दिलाय," अर्विड म्हणाले.

"आणि फार सुंदर अर्ज होता," व्हर्ना म्हणाल्या. "अक्षरसुद्धा. एकाचाही विरोध नाही. सत्तेचाळीसपैकी शेहेचाळीस सह्या आल्यात."

"राहिलं कोण?"

"तू."

"मग आण इकडे, करतो सही!"

"अर्विड, स्वतःच्याच अर्जावर सही? लोक काय म्हणतील?"

"व्हर्ना, चौथीत असताना तू माझी पेन्सिल नेलीस. तेव्हा कोणाची सही घेतली होतीस गं?"

व्हर्नांनी रिमोट लायल यांच्यासमोर ठेवला. मग म्हणाल्या, "मी कॉफी आणायला चाललेय. माझी पाठ वळलेली असताना इथे काय होतं ते मला दिसत नाही."

त्या गेल्या. लायल यांनी टेपची एक पट्टी सोलली आणि बटण दाबलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सामना दिसला. सामन्यावर नियमही दिसले.

"लायल, तो कॅमेरा बंद कर."

"केलाय."

"मग हे काय आहे?"

लायल खुर्चीत चुळबुळले. "स्थिर चित्र फार दिवस ठेवलं तर त्याचा कायमचा डाग पडतो. माहितीपुस्तकात पान सातवर आहे."

"तू सांगितलं नाहीस?" कॉफी घेऊन आलेल्या व्हर्नांनी विचारलं.

"तू विचारलं नाहीस. तू नियम वाचून दाखवत होतीस. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

सातही नियम उजळ अक्षरांत पडद्यावर कायम झाले होते. रंगांचा निर्णय अर्धवट राहिल्यामुळे प्रत्येक नियम तीनदा होता. मागे मुली धावत होत्या.

"सिग्नी कुठाय?" अर्विडनी विचारलं.

"चौथ्याच्या मागे. आता पाचव्याखालून निघाली. बॉल तिच्याकडेच आहे."

"मला पाचवा दिसतोय. ती नाही."

व्हर्नांनी तातडीची बैठक बोलावली. नियम रद्द करावेत, ही सूचना आली. पण रद्द झालेले नियम पडद्यावर राहणार आणि जे पडद्यावर आहे ते लागू नाही असं म्हणणं गोंधळाचं, म्हणून ती मागे पडली. पाच वाजून बारा मिनिटांनी लायल यांना आठवलं की या टीव्हीत चित्रातलं चित्र दाखवण्याची सोय आहे. सामना छोट्या चौकटीत घेऊन खालच्या उजव्या कोपऱ्यात नेता येईल. तिथे सह्यांसाठी सोडलेली जागा होती, म्हणजे अक्षरं नव्हती.

"मी खुर्ची पुढे ओढतो," अर्विड म्हणाले. "काचेला नाक लावून बसतो. दाब."

"ते बटण दुसऱ्या पट्टीखाली आहे," व्हर्ना म्हणाल्या. "एकदा पाठ फिरवली ते ठीक. दुसऱ्यांदा फिरवली तर लोक सवय म्हणतील. आपण पुन्हा सह्या घेऊ, या वेळी तुझीही. लगेच घेऊ."

"किती वेळ उरलाय?"

"अठ्ठेचाळीस सेकंद," लायल म्हणाले. "एक्केचाळीस-एक्केचाळीस."

व्हर्नांनी रिमोट पाहिला. सोललेल्या पट्टीखाली आणखी एक बटण उघडं पडलं होतं, चित्र जागच्या जागी थांबवण्याचं. ते दाबायला वेगळी परवानगी लागत नव्हती. "तोवर थांबवून ठेवते," असं म्हणून त्यांनी ते दाबलं. सिग्नी दोन्ही हात वर करून हवेत थांबली. सर्वांनी सुटकेचा श्वास सोडला. थांबलं ते फक्त चित्र, सामना नव्हे, हे लायल यांना ठाऊक होतं. पण व्हर्नांचा चेहरा इतका आनंदी होता की मध्ये बोलणं त्यांना बरं वाटलं नाही.

निकाल गावात सर्वांना माहीत आहे. तो अर्विडना सांगणं बरं दिसणार नाही, म्हणून कोणी सांगितलेला नाही. ते रोज दुपारी मधल्या खुर्चीवर येऊन बसतात. रविवारी सिग्नी स्वतः आली आणि शेजारी बसली.

"आजोबा, झाला सामना. मी इथे आहे ना."

"तू आहेस गं. पण तिथे अजून अठ्ठेचाळीस सेकंद आहेत. मला पाहू दे."

लायल यांच्या म्हणण्यानुसार आता तिचाही डाग पडायला सुरुवात झाली आहे. हात सातव्या नियमात शिरले आहेत.

सह्या पूर्ण झाल्या, सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस. व्हर्ना दुसरी पट्टी सोलणार, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की सातवा नियम बैठकींच्या इतिवृत्ताच्या वहीबाहेरही, म्हणजे या वृत्तांतात, शब्दशः छापला जात आहे आणि तो आणखी लोक वाचतील. तुम्ही तो वाचला आहे. म्हणजे तुम्हाला तो मान्य आहे.

कागदावर खाली एक ओळ आखून ठेवली आहे. तुमची सही अद्याप आलेली नाही.