लेट भागवत

अंबडहून रोज मोटारसायकलवर जालन्याच्या एमआयडीसीत यायचं, दिवसभर बियाण्यांच्या पोत्यांवर नजर ठेवायची आणि संध्याकाळी दुखरी कंबर घेऊन परत जायचं, ह्यात भागवतची एकवीस वर्षं गेली होती. माणूस पार थकला होता. त्यात मालकाचा मुलगा हर्ष पुण्याहून शिकून आला आणि त्यानं फर्मान काढलं : कंपनीच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा तो इंग्रजीतच.

मंगळवारी अर्ध्या वाटेत भागवतचं मागचं टायर फुटलं. उशीर होणार हे कळवणं भाग होतं. बाभळीखाली बसून त्यानं एकेक शब्द जुळवला, 'लेट भागवत कमिंग टुडे.'

हर्षनं लगेच विचारलं, 'हाऊ?'

'टायर बर्स्ट,' भागवतनं खरं ते लिहिलं.

'ओ गॉड! नाऊ व्हेअर?'

'कमिंग बाय टेम्पो.'

एवढं गेलं आणि फोनची बॅटरी संपली. भागवतला बरंच वाटलं. ह्यापुढचं इंग्रजी त्याच्याच्यानं झालंच नसतं. वाटेनं जाणारा टेम्पो थांबवला होता, त्यात गाडी चढवून तो तिच्याशेजारी गोणपाटावर आडवा झाला. डोळा लागला.

जाग आली ती रडण्यानं. टेम्पो कंपनीच्या गेटात उभा होता. सगळा स्टाफ हात जोडून, एकाच्या हातात हार. त्याच्याबरोबर काम करणारा कडूबा टेम्पोच्या फळीला डोकं टेकून हुंदके देत होता, "सोन्यासारखा माणूस गेला हो!"

"कोन गेलं?" भागवत उठून बसला.

कडूबा ओरडून मागच्या मागे पडला.

"काका, तुम्हीच लिहिलं ना, लेट भागवत?" हर्षचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मंग? लेटच झाला ना. टायर फुटल्तं."

"अहो, नावाआधी लेट लावलं की ते विशेषण. म्हणजे कैलासवासी! भागवत कमिंग लेट लिहायचं. ते क्रियाविशेषण. म्हणजे उशिरा येतोय."

"शब्द तर तोच हाय."

"जागा बदलली ना, काका."

"एवढ्यानं माणूस मरतो?" भागवतला एकदम बायको आठवली. "घरी सुरेखाला न्हाई ना कळवलं?"

"कोणाची हिंमतच झाली नाही."

भागवतनं श्वास सोडला. जाहीर झालेली अर्ध्या दिवसाची सुट्टी रद्द झाली. माणसं त्याच्याकडे तिरकं बघत कामाला लागली. कडूबा डोळे पुसत जवळ आला. "जिता हायेस, लई बरं झालं. पर भाऊ, घंटाभर अजून झोपला असतास तर आमी घरी गेलो अस्तो."

भागवतनं हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

ऑफिसातली रूपल ओशाळून म्हणाली, "काका, मी सकाळीच तुमचं नाव काढून टाकलं. परत चढवायला अर्ज लागतो. तुम्ही हयात आहात असा." मग आवाज खाली आणून, "इंग्रजीत."

तिनं कागद पुढे सरकवला. भागवतनं पेन उचललं, कोऱ्या कागदावर टेकवलं. मग त्यानं पेन हळूच टेबलावर ठेवलं.

"ताई," तो म्हणाला, "जरा बघता का, टेम्पोवाला गेला का हाय अजून?"