एकाच दारात दोघांची बोटं

नियोजन करावं तर मी! ऑफिसातली सहल असो की कपाटं हलवायची असोत, मी कागदावर आखून दिल्याशिवाय आमच्याकडे खुर्चीसुद्धा जागची हलत नाही. त्यामुळे मोठे साहेब आणि त्यांच्या मॅडम रविवारी चार वाजता घरी येणार असं कळलं, तेव्हा मी बायकोला ऐटीत म्हणालो, "तू निर्धास्त राहा. माझ्याकडे प्लॅन आहे."

त्या क्षणापासून तिच्या जिवाला घोर लागला.

प्लॅन का लागला, ते आधी सांगतो. मी विणतो. हो, लोकरीचं! दहा वर्षांचा असताना पाय मोडून मावशीकडे दीड महिना पडून होतो. माझी बडबड थांबावी म्हणून तिने हातात सुया दिल्या. बडबड काही थांबली नाही, पण हात सुरू झाले ते झालेच. वडील न्यायला आले आणि माझ्या मांडीवरचा अर्धा मफलर बघून असे दचकले, जणू मी साप कुरवाळत बसलोय! "मुलगा आहेस ना तू?" एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी दार लावून विणतो.

बायकोचं नेमकं उलटं. सासऱ्यांचं मोटारी आणि पंखे दुरुस्तीचं दुकान. ही तिथेच लहानाची मोठी झाली. बंद पडलेला पंप हिने नुसते डोळे वटारले तरी सुरू होतो! लग्नानंतर खालच्या मजल्यावरच्या काकांचा मिक्सर बिघडला, तेव्हा ही म्हणाली, "द्या, मी बघते." काकांनी मिक्सर पोटाशी असा आवळून धरला, जणू हिने त्यांचं तान्हं मूल मागितलंय! "नको नको, तुमचे मिस्टर आले की येतो." पुढे पुढे हीच सगळ्यांना सांगायला लागली, "ठेवून जा, हे आले की बघतील." हे यायचे आणि बघायचे. नुसतं बघायचेच! दुरुस्त ती करायची. कीर्ती मात्र माझी झाली.

तर, साहेबांना नात झाली. मी चार रविवार खपून पिवळाधमक स्वेटर विणला आणि देताना तोंडातून निघून गेलं, "आमच्या मिसेसनी विणलाय." मॅडमना त्याचा गोल गळा इतका आवडला की तो शिकायला त्या स्वतः सुया-लोकर घेऊन यायला निघाल्या. त्यात ऑफिसात विभागप्रमुखाची जागा रिकामी, आणि ती कोणाला द्यायची ते साहेबांच्या हातात!

प्लॅन सोपा होता. बायकोच्या उजव्या हाताला पट्टी बांधायची आणि दारात बोटं सापडली म्हणायचं. मॅडम हळहळणार, चहा पिणार, जाणार.

"अहो, सरळ खरं सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"सांगतो. विभागप्रमुख झाल्यावर."

चारच्या ठोक्याला बेल वाजली. पुढे मॅडम, हातात लोकरीची पिशवी. मागे साहेब. आणि साहेबांच्या कडेवर टेबलफॅन!

"तुमच्या खालचे काका सकाळी माझ्याबरोबर फिरायला असतात," साहेब म्हणाले. "ते म्हणाले, तुमच्यासारखा मेकॅनिक शोधून सापडायचा नाही. हा वडिलांचा पंखा. चार जणांनी हात टेकले. आता तुम्हीच बघा!"

"पाणी आणतो," म्हणून मी स्वयंपाकघरात सटकलो. काय करावं? समोर पट्टीची उरलेली गुंडाळी दिसली. दुसरं काही सुचलंच नाही. दोन मिनिटांनी मी डाव्या हातात ट्रे घेऊन बाहेर आलो, तेव्हा माझाही उजवा हात पांढराशुभ्र झाला होता.

मॅडमनी बायकोची पट्टी बघितली. मग माझी. मग परत तिची.

"तुम्हालाही लागलं?"

"हो ना. दारात बोटं सापडली."

"ह्याही तेच म्हणाल्या."

"त्याच दारात!" मी म्हणालो. "ही आत येत होती, मी बाहेर जात होतो."

"बाहेर जात होतात? म्हणजे रागाने?" मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "दार आपटून?"

बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की पंप असतो तर सुरू झालो असतो!

पुढच्या मिनिटाला मॅडम तिला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि साहेबांनी मला गॅलरीत ओढलं. "हे बघा, मी स्पष्ट बोलतो. जो माणूस घरात दारं आपटतो, त्याच्या हाती बारा माणसांचा विभाग कसा सोपवायचा?"

"साहेब, मी तर दार हळूच..."

"तसं नसेल तर मग मारामारी कोणी सुरू केली? त्यांनी? घाबरू नका, माणसाने मन मोकळं करावं!"

मी इतका घाबरलो की विषय बदलायला म्हणून बोलून गेलो, "चला, पंखा बघू. मी तोंडाने सांगतो, तुम्ही हात चालवा."

आतही तीच बुद्धी सुचली असावी. कारण मला बायकोचा आवाज ऐकू आला, "तो टाका आवळा. अजून आवळा. पान्याने... म्हणजे, बोटाने!"

इकडे साहेब पेचकस घेऊन तयार. "आधी काय करू?"

"मागची जाळी उसवा."

"उसवू?"

"उघडा, उघडा! आता ती लाल वायर पुढून घ्या. काळीवरून टाका. हलकेच ओढा. असंच शेवटपर्यंत."

साहेब मनापासून करत होते. वायरींना इतकी सुबक वेणी मी आजवर बघितली नव्हती. साहेबांनाही ती इतकी आवडली, की मी थांबवायच्या आत त्यांनी प्लग लावला आणि बटण दाबलं.

फाट्‌कन आवाज झाला! ठिणगी उडाली, धूर निघाला आणि घरातला फ्रिजसुद्धा गप्प झाला.

"हात लावू नका!" बायको आतून बाणासारखी आली. आधी तिने मेन स्विच बंद केला, मग प्लग उपसला, मग पट्टी फेकून दिली आणि पेचकस हिसकावून घेतला. "कोणी जोडलं हे असं? ह्या काय वायरी आहेत की शेवया?"

तिच्या मागोमाग मॅडम धावत आल्या. त्यांच्या हातातल्या सुयांवर विणकाम लोंबत होतं आणि त्यातले टाके भराभर सुटत चालले होते. एक, दोन, पाच! मला बघवेना. "अहो मॅडम, टाके चालले!" मी ओरडलो, पट्टी दाताने ओढून काढली, सुया हातात घेतल्या आणि सातही टाके उचलून परत सुईवर घेतले. सवयीने पुढची ओळसुद्धा विणून टाकली!

मग मान वर केली. सगळे माझ्याकडे बघत होते.

"म्हणजे दारात कोणाचीच बोटं सापडली नव्हती?" मॅडमनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. "सापडलोय ते आत्ता."

मी सगळं सांगून टाकलं. मावशी, मफलर, वडील, मिक्सर, काका. मॅडम स्वतःशीच पुटपुटल्या, "आणि मी दहा बायकांना सांगितलं, असली सफाई बाईच्या हाताशिवाय येत नाही!" मग त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. "हं, गळ्याचे टाके किती घ्यायचे?"

तासाभरात बायकोने फ्यूज बदलला आणि पंखाही फिरवला. साहेब तिच्या हाताखाली स्क्रू सांभाळत बसले होते. निघताना पंख्याच्या वाऱ्यात उभे राहून तिला म्हणाले, "वडील असते तर तुम्हाला हात लावू दिला नसता हो. आणि पंखा तसाच बंद राहिला असता."

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. विभागप्रमुख म्हणून माझं नाव जाहीर झालं. टाळ्या वाजल्या. मी मान लववली. तेवढ्यात साहेबांनी पिशवीतून तो पिवळा स्वेटर काढला! "आणि हा ह्यांनी स्वतः विणलाय!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कानाची पाळी तापते म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. स्वेटर ह्या हातातून त्या हातात फिरत शेवटी दारापाशी उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकांकडे गेला. सहा फूट उंची, मिशा अशा की येणारा जाणारा न विचारता ओळखपत्र काढून दाखवतो. त्यांनी स्वेटर उलटा केला. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. मी मनातल्या मनात उत्तर जुळवत होतो. सांगायचं, होय, मी पुरुष आहे, मी विणतो, आणि त्यात मला काडीचीही लाज वाटत नाही!

ते माझ्यापाशी आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "साहेब, काखेत एक टाका चुकलाय. दोन्ही मुलींचे स्वेटर मीच विणतो, पण असलं काम मी घराबाहेर जाऊ देत नाही."

सध्या मी काखेपर्यंत उसवलंय.