बिनपत्त्याचा वाल

आमच्या शेजारचे अहिरेकाका भेटले की "कशा आहात?" असं विचारत नाहीत. ते आधी आपल्या हातातल्या पिशवीत डोकावतात आणि विचारतात, "कुठली?"

पहिल्यांदा हा प्रश्न आला तेव्हा माझ्या पिशवीत मेथी होती. मी नाशिकच्या इंदिरानगरात नुकतीच राहायला आले होते. "बाजारातली," म्हणाले आणि कुलूप उघडायला लागले.

"बाजारात मेथी उगवते का बाई?"

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने भाजीवालीला विचारून आले. मखमलाबादची निघाली. काकांनी एक पान चुरगळून नाकाला लावलं, "तरीच," म्हणाले आणि मला घरात जायची परवानगी दिली. तेव्हापासून मी भाजी घेताना आधी गाव विचारते, मग भाव. मी तपासणीला आलेली कोणी सरकारी बाई आहे असं भाजीवाल्यांना वाटतं. त्यामुळे कोथिंबीर मात्र ताजी मिळते.

काका एसटीत कंडक्टर होते. तीस-बत्तीस वर्षं नाशिक-सटाणा, नाशिक-पेठ असे रस्ते त्यांनी उभ्याने तुडवले. इतर कंडक्टर निवृत्त होताना गुडघेदुखी घेऊन येतात. काका गुडघेदुखी आणि वाल घेऊन आले.

वाल म्हणजे आपण उसळीला भिजत घालतो तोच. तुम्हाआम्हाला वाल म्हणजे वाल. काकांना तसं म्हणून बघा! गावोगावच्या बाया आपलं बी आपल्या घरात जपतात, त्यामुळे दर गावचा वाल वेगळा, असं काकांचं म्हणणं. कुठे तांबूस, कुठे काळसर, कुठे अंगावर ठिपके, कुठे डोळा पांढरा. गाठोडं घेऊन लेकीकडे निघालेली एखादी आजीबाई गाडीत चढली की तिकीट फाडून झाल्यावर काका हात पुढे करायचे. "मावशी, चार दाणे द्या. गाव कोणतं?" दाणे खाकी शर्टाच्या डाव्या खिशात, गावाची चिठ्ठी उजव्या. मुक्कामाला पोचले की पुडी बांधून वर गावाचं नाव. पुडीत घालायचे राहून गेलेले दाणे खिशातच राहायचे. घरी बिस्किटांचे मोठे डबे आहेत, त्यांत या पुड्या रस्त्याप्रमाणे लावलेल्या. डबा उघडला की नाशिकहून निघायचं आणि तळाशी सटाण्याला उतरायचं.

"चार टप्पे गेले की दाणा बदलतो," हे त्यांचं लाडकं वाक्य.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं खूळ मात्र माझ्यामुळे लागलं, हे कबूल केलं पाहिजे. मी शाळेत विज्ञान शिकवते. काका निवृत्त होऊन घरात येरझाऱ्या घालायला लागले तेव्हा मी त्यांना एक पुस्तक वाचायला दिलं. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी एक विलायती तरुण बोटीवर चढला, पाच वर्षं जग फिरला, बेटाबेटांवरचे पक्षी-प्राणी गोळा केले आणि सगळे जीव हळूहळू बदलत आलेत या विचारापर्यंत पोचला, त्याची ही हकिगत. चार दिवसांनी काका पुस्तक छातीशी धरून आले.

"बाई, हा माणूस आमच्याच लाईनचा!"

त्या दिवसापासून तो माणूस 'साहेब' झाला. आपल्या डेपोचे मॅनेजर असावेत अशा थाटात काका त्यांच्याविषयी बोलायला लागले. "साहेबांना बोट लागायची बरं का. पाच वर्षं उलट्या. पण ड्यूटी सोडली नाही." "साहेबांना त्या बेटावरच्या अधिकाऱ्याने सांगितलं, मी कासवाची पाठ बघून बेट ओळखतो. मग? मी वालाचा डोळा बघून टप्पा ओळखतो, तर हिला हसू येतं."

'ही' म्हणजे काकू. काकू कमी बोलायच्या आणि जास्त हसायच्या. जेवायची वेळ झाली की आतून विचारायच्या, "तुमचे साहेब जेवूनच जाणार का?"

एकदा सोसायटीच्या गणपतीत कोणीतरी काकांना डिवचलं, "काय काका, तुमच्या साहेबांच्या मते आपण माकडाची पोरं ना?" काका शांतपणे म्हणाले, "माकडाची गाडी वेगळी, आपली वेगळी. स्टँड एकच होता. तिथून दोन्ही सुटल्या, म्हणून ही गाडी तिच्यातून निघाली असं होतं का?" मी वर्षानुवर्षं नववी-दहावीला जे फळ्यावर चित्र काढून समजावते, ते या माणसाने एका दमात उरकलं. पुढच्या आठवड्यात मी ते वर्गात आपलं म्हणून खपवलं.

साहेबांवर काकांचा राग एकाच गोष्टीसाठी. त्या बेटांवरचे छोटे पक्षी साहेबांनी गोळा केले, कुणाची चोच जाड, कुणाची बारीक, पण कोणता पक्षी कोणत्या बेटावरचा ते लिहायचं राहून गेलं. परत आल्यावर बोटीवरच्या बाकीच्यांना विचारत बसावं लागलं. "एवढा मोठा माणूस, आणि पत्ता लिहीत नाही!" काका कपाळाला हात लावायचे. "माझ्या गाडीवर असते, तर अर्ध्या वाटेत देवळ्यालाच उतरवलं असतं."

दीड वर्षापूर्वी काकू गेल्या. आठ दिवसांचा ताप, बस्स. काका कोणापुढे रडले नाहीत. लोकांना वाटलं, माणूस घट्ट आहे. मला तसं वाटलं नाही, कारण ते माझ्या पिशवीत डोकावायचे थांबले होते.

यंदा एप्रिलमध्ये एका सकाळी दारात उभे राहिले. हातात लोणच्याची लहान बरणी. तिच्यात मूठभर वाल, लालसर, कडेला काळी चंद्रकोर. असा वाल मी त्यांच्या डब्यांत कधी पाहिला नव्हता.

"कुठला हो काका?" मी सवयीने विचारलं.

"माहीत नाही," काका म्हणाले. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

बरणी काकूंच्या फळीवर मसाल्यांच्या मागे सापडली होती. मागच्या भिंतीवर दरवर्षी काकूंचा वेल चढायचा, त्याचं हे बी. काकू गेल्यावर त्याला पाणी घालायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही आणि तो वाळून गेला. काकांनी सगळे डबे उपसले, तीन वेळा सटाण्याच्या वाटेवर जाऊन आले, गावोगाव दाणे दाखवले. कुठे जुळेना.

"बाई, साहेबांनी केलं तेच मी केलं. अख्ख्या जिल्ह्याला विचारलं, कुठलं, कुठलं. घरात विचारलं नाही. वीस वर्षं ताटात पडत होतं, मी खात होतो."

"मग पेरून टाका ना काका. बी फार वर्षं टिकत नाही."

"पत्ता माहीत नसलेलं कसं पेरू?" ते चिडून म्हणाले आणि लगेच बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं.

विचारायचं राहिलेलं एकच माणूस होतं. सटाण्याला काकूंची धाकटी बहीण असते, सुमनमावशी. तिच्याकडे जायचं काका टाळत होते. तिलाही माहीत नसलं तर पुढे कोणाला विचारणार, ही भीती. मला शाळेची सुट्टी होती. मी म्हटलं, चला.

काकांबरोबर एसटीने जाणं म्हणजे दोन कंडक्टर असलेल्या गाडीतून जाणं. खरा कंडक्टर बेल मारायच्या आत हे "चला" म्हणायचे. पोरगेला कंडक्टर शेवटी हात जोडून म्हणाला, "बाबा, तुम्हीच मारा." काकांनी पिंपळगावपर्यंत बेल मारली. वाटेत मला शिकवणी होतीच. "ऐका बाई, चढणाऱ्यांचं बोलणं ऐका. आधी 'आहे', मग 'हाय', देवळा गेलं की 'शे'. कोणी एका रात्रीत बदललं का? टप्प्याटप्प्याने." पण सटाणा जवळ आलं तशी त्यांनी पिशवीतून बरणी काढली. ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले.

सुमनमावशी अंगणात कांदे निवडत होत्या. त्यांनी बरणीतले दाणे तळहातावर घेतले, काकांकडे पाहिलं, आणि खो खो हसत सुटल्या.

"कोनतं गाव इचारता दाजी? गाव नै काही. तुमच्या खिशातलं शे हे!"

काकांचा हात शर्टाच्या डाव्या खिशाकडे गेला.

मावशींनी सांगितलं ते असं. खाकी शर्ट भिजत घालताना काकू खिसे उलटे करायच्या. दर वेळी पाच-सात दाणे निघायचे, आज पेठचे, उद्या कळवणचे. टाकवत नाहीत म्हणून नळाजवळ भिंतीच्या कडेला खोचून द्यायच्या. सगळ्या रस्त्यांचे वेल एका भिंतीवर चढले, एकमेकांत गुंतले, भुंग्यांनी त्यांची सरमिसळ केली, आणि वर्षागणिक दाणे वेगळे निघायला लागले.

"अन् अक्का काय करे, ठाऊक शे का? एकेका वेलाच्या शेंगांची भाजी अलग करे. ज्या दिशी तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घ्याल, त्याच वेलाचं बी ठेवे. बाकीचं मोडून खाऊन टाके. इतकी वर्सं."

जीव कसे बदलतात ते कळायला साहेबांना जग फिरावं लागलं. इथे एक बाई नळापाशी बसून नवऱ्याच्या ताटाकडे बघत होती आणि तिने एक नवा वाल घडवला होता. हे मी काकांना सांगणार होते, पण त्यांचा चेहरा पाहून मी मावशींच्या हातातले दाणे घेऊन बरणीत भरायला लागले. ते मान खाली घालून अंगणातला एक कांदा निवडायला लागले. बराच वेळ तोच एक.

परतीच्या गाडीत त्यांनी बेल मारली नाही. फक्त नाशिक आल्यावर म्हणाले, "बोलली नाही हो कधी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मीही विचारलं नाही म्हणा."

जूनमध्ये काकांनी बी लावलं. सात दाणे पेरले, चार उगवले. वेल भिंतीवर चढायला लागले तसे काकाही हळूहळू माझ्या पिशवीत डोकावायला लागले.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला जेवायला बोलावलं. स्वतः रांधलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एक नवी पुडी होती आणि तिच्यावर गावाच्या जागी लिहिलं होतं, 'घरचा'. ताटात वालाच्या शेंगांची भाजी. काका समोर बसले, पण जेवेनात. माझ्या ताटाकडे बघत होते.

"काका, जेवा ना."

"तुम्ही जेवा. तिसऱ्या वेलाची आहे. आवडली तर सांगू नका, नुसतं पुन्हा वाढून घ्या. मला कळेल."

भाजीत मीठ इतकं होतं की पहिल्याच घासाला पाण्याचा पेला रिकामा झाला. मी दोनदा वाढून घेतली.