दोसिमखानचं वजन गेलं कुठे

जे मिळवायला माणसाला तीस वर्षं लागली, ते त्याने तीस दिवसांत टाकून द्यावं अशी अपेक्षा कुणी करू नये. मग ती जमीन असो, अब्रू असो किंवा पोट असो. गावच्या दवाखान्यातल्या रौशान डॉक्टरबाईंचं हेच म्हणणं होतं आणि गावाला ते मनापासून पटलं. कमी खा, रोज चाला, तळलेलं टाळा, जन्मभर झेपेल तेवढंच करा, पण हळूहळू करा, असा त्यांचा उपदेश होता. त्यातला 'हळूहळू' हा भाग गावाने एकमताने मंजूर केला आणि बाकीचा पुढील विचारार्थ राखून ठेवला. अंमलबजावणी इतकी काटेकोर झाली की बहुतेकांचं वजन किती उतरलं हे काट्यालाही कळेना. (काहींचं वाढलंही, पण तेही हळूहळू, म्हणजे शिस्तीतच.)

दोसिमखानला मात्र ही चैन परवडणारी नव्हती. त्याचं वजन सव्वाशे किलोच्या वर गेलं होतं आणि प्रश्न कोंगीरचा होता. कोंगीर त्याचा तपकिरी घोडा. त्याने कितीतरी लग्नांहून दोसिमखानला झोपलेल्या अवस्थेत घरी आणून पोचवलं होतं आणि बायकोला, म्हणजे कुलाशला, त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. असा मित्र दोसिमखानला दुसरा नव्हता. पण वसंतात एके दिवशी मालक पाठीवर चढताच कोंगीरने एक लांब श्वास सोडला आणि तो शांतपणे खाली बसला. त्यानंतर त्याच्यावर कुणी बसलं नाही. आता ज्या घोड्यावर कुणी बसत नाही, त्याच्यासाठी कझाख घरात एकच जागा रिकामी असते आणि ती पातेल्यात असते. हिवाळा लागला की घरोघरी एकेक घोडा कापून वसंतापर्यंतच्या मांसाची बेगमी करतात. त्याला सोगिम म्हणतात आणि ते कुणी चुकवत नाही.

"आके, तो नुसता उभा राहून खातोय," मुलगा येरदौलेत एकदा जेवताना बापाला म्हणाला. "तुम्ही बसत नाही, मी गाडीने जातो. यंदा सोगिमला तोच घेऊ."

"पहिल्या बर्फापर्यंत मी त्याच्यावर बसून दाखवलं, तर त्याच्या अंगाला सुरी लावायची नाही," दोसिमखान म्हणाला.

येरदौलेतने बापाच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि ताबडतोब शब्द दिला.

चालण्यापासून सुरुवात झाली. पण धडधाकट माणूस विनाकारण पायी चाललाय हे दृश्य गावाने पाहिलेलंच नव्हतं. येणारी प्रत्येक गाडी थांबे, घोडा मेला का म्हणून हळहळ व्यक्त होई आणि त्याला ओढून आत बसवलं जाई. म्हणून तो कोंगीरला लगाम धरून बरोबर नेऊ लागला. त्यामुळे घोडा जिवंत आहे हे सिद्ध झालं आणि दोसिमखान वेडा झालाय हेही. गाड्या थांबायच्या बंद झाल्या.

खाण्याचं कलम अधिक अवघड होतं. कुणाच्याही दारातून निघताना भाकरीला तोंड लावावंच लागतं, आणि तोंड लावणं म्हणजे एक घास, हे फक्त कागदोपत्री. प्रत्यक्षात बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो आणि चहाबरोबर बाउर्साक, म्हणजे पिठाचे तळलेले टम्म गोळे, तुपात लोळवून समोर येतात. नाही म्हटलं तर घरमालकीण आपल्या हाताला चव राहिली नाही अशी समजूत करून घेते आणि ती समजूत पुढे तीन पिढ्या चालते. दोसिमखान सभ्य माणूस होता. तो एक खाई, बाकीचे कोटाच्या खिशात घाली आणि टेकडीपलीकडे गेल्यावर कोंगीरपुढे धरी. कोंगीरही सभ्य होता. त्यानेही कधी नाही म्हटलं नाही.

उन्हाळा सरेपर्यंत दोसिमखानच्या पट्ट्याला तीन नवी भोकं पाडावी लागली. रौशानबाई खूश झाल्या आणि गाव हादरलं. कुणी म्हणे यकृत, कुणी म्हणे मुलाची काळजी. शेजारणी सहानुभूतीने सूप घेऊन येऊ लागल्या आणि कुलाशकडे अशा नजरेने पाहू लागल्या की ती बिचारी रात्री रडली.

"अहो, लोक म्हणतात मी तुम्हाला उपाशी ठेवते," ती म्हणाली. "माझ्यासाठी तरी खा."

तो तिच्यासाठी दुप्पट बाउर्साक घेऊ लागला. कोटाला आणखी दोन खिसे शिवावे लागले.

पहिलं बर्फ पडलं त्या सकाळी अंगणात माणसं जमली. गावचा खाटीक सापरगाली सुरी घेऊन आला होता, न जाणो. दोसिमखानने रिकिबीत पाय घातला, डोळे मिटले आणि वर चढला. कोंगीर उभा राहिला. लांब श्वास नाही, काही नाही. दोसिमखानच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने पुसलंही नाही.

सापरगालीने सवयीने कोंगीरच्या बरगड्यांवर हात ठेवला. चरबी किती बोटं जाड आहे हे तो नुसत्या दाबण्यावरून सांगतो, आणि चरबी जितकी जाड तितकं सोगिम उत्तम. त्याने दाबलं, थांबला, पुन्हा दाबलं.

"चार बोटं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "उभ्या आयुष्यात चार बोटं पाहिली नव्हती."

अंगणातली माणसं जवळ सरकली. येरदौलेत म्हणाला की शब्द म्हणजे शब्द, पण चार बोटं म्हणजे चार बोटं. कुलाश नकळत मोठ्या पातेल्याकडे बघून आली. आणि खरं सांगायचं तर, सहा महिने बेताने जेवलेल्या दोसिमखाननेही खाली वाकून आपल्या मित्राकडे पाहिलं तेव्हा त्याच्याही तोंडाला पाणी सुटलं. त्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याने टाच मारली आणि फाटकाबाहेर पडला.

पहिल्या वळणावर कोंगीरने लांब श्वास सोडला आणि तो शांतपणे खाली बसला.

दोघे पायी रौशानबाईंकडे गेले. "दोसिमखान आगा," बाई खिडकीतून घोडा निरखत म्हणाल्या, "यालाही तेच. कमी खाणं, रोज चालणं. आणि हळूहळू." त्या हिवाळ्यात येरदौलेतने सोगिमसाठी बाहेरून घोडा आणला. दोसिमखान आणि कोंगीर रोज टेकडीपर्यंत जाऊन येऊ लागले, दोघेही रिकाम्या खिशांनी. वसंतात सापरगालीने पुन्हा हात लावला: जेमतेम दोन बोटं. त्याने सुस्कारा टाकला आणि दोसिमखान घोड्यावर बसून घरी गेला.

शास्त्रीय बाजू मात्र अजून अपुरी आहे. दोसिमखानचं वजन कोंगीरकडे गेलं हे सिद्ध झालेलं आहे. कोंगीरचं कुठे गेलं याचा तपास चालू आहे. रौशानबाईंनी गावातल्या प्रत्येकाला काट्यावर उभं केलं. कुणाकडेही ते जमा झालेलं नाही. तेव्हा ते गावाबाहेर, बहुधा दूर दक्षिणेकडे गेलं असावं, असा त्यांचा अंदाज आहे. आपण अलीकडे काहीएक खात नसताना आपले कपडे घट्ट होऊ लागले असतील, तर कृपया दवाखान्याला कळवावं. घाई नाही. हळूहळू कळवलं तरी चालेल.