नथ घातलेली टाकी

आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला नथ आहे. कपाळावर चंद्रकोर, ओठांना लाली, आणि हसू असं की बत्तीशीतला एकही दात लपलेला नाही. हुडकेश्वरात नवीन माणसाला पत्ता सांगणं म्हणजे डोकेदुखी, मी एवढंच सांगते, "दात काढणारी टाकी दिसली की थांबा."

हा सगळा उद्योग चंद्रकलाचा. मागच्या गल्लीत भाड्याने राहते, दुकानांच्या पाट्या रंगवते. मूळची कुहीकडच्या शेतकरी घरातली. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवायचा घाट घातला होता. तो आपल्याला मंजूर नाही हे तिने दहावीतच जाहीर केलं, आईची साडी नेसून भर खळ्यावर. त्या दिवसापासून घराचं दार बंद. पण हा किस्सा सांगताना ती दाराबद्दल थोडं आणि साडीच्या काठाबद्दल फार बोलते.

रंगाने ती काळी कुळकुळीत, आणि त्याचा तोरा एवढा की गोऱ्यांनी लाजावं. "पक्का रंग हाय वं वहिनी, धुतल्यानं जात नाही!" हे तिचं पालुपद. एका ब्यूटी पार्लरच्या पाटीवर तिने स्वतःसारखीच काळीभोर सुंदरी काढली, तर मालकिणीने पाटी परत पाठवली. ती पाटी काखेत मारून माझ्याकडे चहाला आली, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीकडे बघत एकदम ओरडली, "अवं, कंपनीनं अंगाचा रंग देऊनच पाठवली टाकी! आपल्याले फक्त हसू काढायचं!"

आमची टाकी झाली आणि गल्लीला वेडच लागलं. चंद्रकलाच्या मैत्रिणी, तिच्यासारख्याच तृतीयपंथी आणि तिच्यासारख्याच पक्क्या रंगाच्या, गजरे माळून, गॉगल लावून, टाक्यांवर आपापला चेहरा काढून घ्यायला गच्च्यागच्च्यांवर बसू लागल्या. चित्र काढता काढता तर्री-पोहे चालायचे. "तोंड चालवू नको वं, गाल हलून राहिला!" ही आरोळी चार घरांपर्यंत ऐकू यायची. आधी नाकं मुरडणारे वानखेडे काका शेवटी स्वतःच विचारायला आले, "आमच्या टाकीले काहून नाही?"

मग नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. दुपारी नळाला उकळतं पाणी. लोक टाक्यांना चुना फासायला निघाले, तशी चंद्रकला आडवी आली. "माझ्या पोरी गोऱ्या करून राहिले!" शेवटी तिनेच ओली बारदानं आणली आणि प्रत्येक टाकीला गळ्यापर्यंत, चांगल्या निऱ्या घालून, नेसवली.

आमचे हे मात्र आंघोळीत भाजले होते. त्यांनी प्लंबर बोलावला आणि टाकी जिन्याच्या खोलीमागे, सावलीत हलवायचं ठरवलं. चंद्रकला धावत वर आली आणि तिने बारदान वाळून पुन्हा तापलेल्या टाकीला मिठीच मारली. हात पोळत होते, पण सोडेना.

"अहो, टाकी आहे ती!" हे म्हणाले.

"अजून दोन बारदानं नेसवा, काही करा भाऊजी, पण हिचं तोंड रस्त्याकडेच राहू द्या."

गाल टाकीला टेकलेला, नाकात तीच नथ. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मैत्रिणी बाकीच्या गच्च्यांवर होत्या. आमच्या गच्चीवर ही स्वतः होती.

"सोमवारी कुहीची गाडी जाते त्या रस्त्यानं," ती हळू आवाजात म्हणाली. "माय दवाखान्यात येते. मोतीबिंदू हाय तिले. म्हणून तर दात एवढे मोठे काढले."

"बघते का गं ती?" मी विचारलं.

"मले काय मालूम? गाडी कुठं थांबते इथं! पण चुकून तिनं पाह्यलं, तर मी हसून राहिली दिसली पाहिजे न वहिनी."

प्लंबर चहा पिऊन परत गेला. टाकी होती तिथेच आहे, आणि दुपारी आमच्या नळाच्या पाण्यात अंडी उकडतील. आमचे हे भल्या पहाटे आंघोळ उरकतात. सोमवारी मात्र गाडीच्या वेळेआधी गच्चीवर जातात आणि ओल्या फडक्याने टाकीचे दात पुसून ठेवतात.