पारसशेठचा पहिला गिअर

बस विकत घेऊन तिच्यात बसणारी माणसं मी पाहिली आहेत. बस विकत घेऊन तिच्या शेजारून चालणारा आणि चालता चालता तिला शिव्या घालणारा माणूस मात्र आमच्या बेल्ह्यात एकच. पारसशेठ.

बाजारतळामागचा मोकळा रस्ता. बबन मिस्त्री बस पहिल्या गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. बाजूने पांढऱ्या लेंग्या-सदऱ्यातले शेठ हात पाठीमागे बांधून देवळात निघाल्यासारखे चालतायत. थोड्या वेळात बस पुढं जाते, शेठ मागं राहतात आणि जागेवर उभे राहून ओरडतात, "पळाली भवानी. काढ ते इंजिन."

या माणसाचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. त्यांचं भांड्यांचं दुकान, त्याला लागून माझं फवारणी पंप दुरुस्तीचं. इतक्या वर्षांच्या शेजारात ते माझ्याशी सरळ बोलले असतील तर शपथ. "चहा घ्या की, का विष कालवलंय आमी त्यात?" हे त्यांचं आमंत्रण. गिऱ्हाइकानं पातेल्यावर टिचकी मारून पाहिली की "तबला हाय का तो?" म्हणून हातातलं पातेलं काढून घेतात. तरीही दुकान चालतं, याचा मला जास्त राग येतो.

ही बस त्यांनी निरगुडसरच्या एका माणसाकडून आणली. आणली म्हणजे ओढून आणली, कारण इंजिनाचा क्रँक मोडलेला होता. आतली बाकडी उपटून तिथं गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि झोपायला दोन फळ्या बसवल्या, आणि ते धूड माझ्या दुकानाच्या तोंडाशी उभं केलं. पंप घेऊन येणाऱ्या माणसाला मी कुठं आहे ते दिसेना. बोलायला गेलो तर म्हणाले, "रस्ता सरकारचा हाय. सरकारला सांगा."

कार्तिकी पौर्णिमेच्या आत बस रस्त्याला लागली पाहिजे, एवढा एकच धोशा त्यांनी लावला होता. कशासाठी, ते विचारायची सोय नव्हती. कंचनभाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं तर त्या नुसत्या पदर सावरून आत जात.

बबन मिस्त्री पिंपरी पेंढारचा. त्याचा हात चांगला, पण जीभ हाताच्या पुढं धावते. त्यानं पुण्याच्या भंगारातून एका हलक्या ट्रकचं जुनं डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स शोधून आणला, बसवला आणि खुशीत म्हणाला, "शेठ, विमान झालं विमान." शेठ खाली उतरून चालायला लागले. पुढचं मघाशी सांगितलंच.

"माणसाच्या पावलानं चालली पायजे," शेठ म्हणाले. "सकाळभर. तापता कामा न्हाई, बंद पडता कामा न्हाई."

"मंग बैल जुपा की शेठ," बबन म्हणाला. त्यावर बरेच दिवस अबोला झाला. बस माझ्या दारातच होती.

शेवटी खडी वाहणाऱ्या एका टिपरचं इंजिन मिळालं, गिअरबॉक्ससकट. चढावर भरल्या वजनानं मुंगीसारखं चालायची त्याला सवय. ते उतरवायला साखळीचा पुली ब्लॉक कुठं टांगावा? माझ्या दुकानापुढच्या लिंबाला. मला न विचारता. फांदी करकरली तेव्हा मी बाहेर आलो, तर शेठ माझ्यावरच खेकसले, "झाडाला खतपाणी घालत न्हाई तुमी. बघा, कशी कुरकुरती."

टिपरचा गिअरबॉक्स लांब निघाला. इंजिनाला नवे पाय वेल्डिंग करून झाले, मागचा शाफ्ट कापून आखूड केला, आणि मग कळलं की गिअरची दांडी ड्रायव्हरच्या मागं, नेमकी शेगडीपाशी वर येतेय. "मी पोळी भाजू का गिअर टाकू?" कंचनभाभी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. शेगडी मागं सरकली, दांडी वाकवून पुढं घेतली.

मग चाचणी. ओढ्याच्या पुलापर्यंत बस आणि शेठ जोडीनं गेले. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. शेठ काहीच बोलले नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी आजवर कुणाला मिळालेली नाही.

आणि तिथंच बबननं घोळ घातला. आमच्याकडं पावलापावलानं चालणारी गाडी एकच, वरातीची. शेठ डीजेच्या धंद्यात पडतायत, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बसच्या टपावर स्पीकर ठेवायला लोखंडी सांगाडे, मागंपुढं गरगर फिरणारे लाल-हिरवे दिवे, आणि दाबला की गाणं वाजवणारा हॉर्न. "लगीनसराईच्या आधी तयार, शेठ. पयली सुपारी माझ्या मेव्हण्याची," बबन म्हणाला आणि हॉर्न वाजवून दाखवला.

शेठनी दुकानातलं कोरं पातेलं उचलून बबनच्या दिशेनं फेकलं. ते माझ्या काउंटरवर येऊन पडलं. "माझी रिंकू चालती त्या रोडनं," शेठ ओरडले. "तिची वरात काढतो व्हय रे?"

रिंकू म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी माझ्या दुकानात येऊन पंपानं माझ्याच भिंतीवर पाणी उडवायची. कॉलेज झालं आणि दीक्षा घेऊन जैन साध्वी झाली. शेठ त्या सोहळ्यात हसले नाहीत की रडले नाहीत, आणि तेव्हापासून तिचं नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. साध्वी वाहनात बसत नाहीत. चातुर्मासात एका गावी राहतात आणि कार्तिकी पौर्णिमा झाली की अनवाणी पुढच्या गावाला निघतात. मागच्या वर्षी हायवेच्या कडेनं चालताना रिंकूच्या पुढ्यातच तिच्या सोबतच्या साध्वीला टेम्पोनं मागून उडवलं होतं. हे मला कंचनभाभींनी सांगितलं, पातेलं न्यायला आल्या तेव्हा. मला आधी शेठचाच राग आला. हे सांगायला काय जात होतं? मी बसला जागा दिली नसती का?

सांगाडे उतरले. दिवे शेठनी ठेवून घेतले, सगळे मागच्या बाजूला.

पौर्णिमेनंतरच्या सकाळी आम्ही मंचरच्या पुढं होतो. मला त्यांनी बोलावलं ते असं : "दुकानात बसून बोंबलण्यापेक्षा चला." रस्त्याच्या कडेनं चार साध्वी चालल्या होत्या. त्यांच्या मागं अंतर ठेवून बस, बबन स्टिअरिंगवर, कंचनभाभी काचेला नाक लावून पुढं. आणि शेठ सगळ्यात मागं, उघड्या दारात, रस्त्याकडं तोंड करून, हातात लाल फडकं. येणाऱ्या प्रत्येक ट्रकवर ते असे तुटून पडत होते की ड्रायव्हर आपोआप गाडी पलीकडं घेत होते. मीही दोघा-तिघांना ऐकवलं. इतकी वर्षं साठलेलं कुठंतरी कामी आलं.

वाटेतल्या एका शाळेच्या पडवीत साध्वी टेकल्या. त्यांच्यातल्या थोरल्या महाराजसाहेब शेठना म्हणाल्या, "आमच्यासाठी गाडी चालवू नका. त्याचा दोष आम्हाला लागतो."

"तुमच्यासाठी कोन चालवतंय?" शेठ म्हणाले. "इंजिन आत्ता बसवलंय. मिस्त्रीनं पळवू नको म्हणून सांगितलंय."

आयुष्यभर टिपर ओढून झिजलेलं ते इंजिन. बबननं एकदा शेठकडं पाहिलं आणि मान डोलावली. "व्हय महाराजसाहेब. लई जपावं लागतंय."

थोरल्या महाराजसाहेब उठल्या. रिंकू खाली पाहत उभी होती. निघताना तिनं हात वर केला आणि बबनला, मला, आईला आणि बापाला एकाच सुरात "धर्मलाभ" असा आशीर्वाद दिला. कंचनभाभींनी डोळ्याला पदर लावला. शेठ फडकं झटकत राहिले.

बस सुरू झाली. शेठ पुन्हा मागच्या दाराकडं निघाले. मला राहवलं नाही. म्हटलं, "शेठ, मागचं मी बघतो. तुम्ही पुढं बसा. निदान दिसेल तरी."

ते माझ्यावर खेकसले, "पुढं बसलो तर तिलाच बघत बसंन. मंग ट्रक कोन बघंल?"